‘अर्जाच्या दिवशी खात्यात पैसे दिसले की झालं’: ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाबाबतचा खुलासा

उसने पैसे खात्यात टाका, स्टेटमेंट काढा आणि दुसऱ्या दिवशी परत करा, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी तो हमखास नकार ओढवणारा आहे.

नियम असा: लागणारी पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. शिवाय स्टेटमेंटवरच्या शेवटच्या शिलकीची तारीख अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन शुल्क भरल्याचा दिवस, बोटांचे ठसे दिल्याचा नव्हे. इथेच बरेच जण फसतात.

रक्कम म्हणजे पहिल्या वर्षाची उरलेली फी अधिक जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च. लंडनसाठी दर वेगळा. पैसे पौंडात नसतील तर अर्जाच्या दिवशीच्या ओआंडा (चलनांचे विनिमय दर देणारं संकेतस्थळ) दराने मोजतात, म्हणून काठावरची शिल्लक ठेवू नका. थोडी जास्तच बरी.

शेअर्स किंवा भविष्य निर्वाह निधी चालत नाही. आईवडिलांचं खातं चालतं, पण जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडावं लागतं. काकामामांचं खातं मात्र चालत नाही, ते कितीही सढळ असले तरी.

मान्यताप्राप्त संस्थेचं शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट नाही. कर्जाचं पत्र मात्र अर्जाआधीच्या ६ महिन्यांतलं हवं.