फ्लेअर कुठला: आगीतला की अंगातला?

नोकरीसाठी आलेले अर्ज चाळताना एक वाक्य हमखास भेटतं: 'आय हॅव अ फ्लेअर फॉर रायटिंग.' वाक्य झकास, पण फ्लेअरच्या शेवटी ए-आय-आरऐवजी ए-आर-ई. म्हणजे उमेदवाराच्या अंगात लेखनाचा भडका!

ए-आर-ईवाला तुम्हाला ठाऊकच आहे. बोटीवरून मदतीसाठी उडवतात तो लाल जाळ, रिफायनरीच्या उंच चिमणीवर पेटलेला वायू, १८५९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावर पाहिलेला झोत, बेलबॉटम, अनारकलीचा घेर. भडकणं नाहीतर पसरणं. संपलं.

घोळ आहे तो ए-आय-आरवाल्याचा, आणि त्याचं मूळ आगीत नाही, नाकात आहे. फ्रेंचमध्ये 'फ्लेरे' म्हणजे हुंगणं. ज्या लॅटिन क्रियापदातून तो आला, त्याच्यातूनच 'फ्रेग्रन्स'ही आला. मुरलेल्या बातमीदाराला बातमीचा वास आधी लागतो असं आपण म्हणतो ना, तोच हा फ्लेअर. न शिकवता लागलेला वास. म्हणून 'फ्लेअर फॉर टॅली' वाचलं की मी कपाळाला हात लावतो. टॅली क्लास लावून येतं. तिथे सरळ 'स्किल' लिहा. माणसं जोखणं, भाषा उचलणं, न मोजता मीठमसाला बरोबर पडणं, इथे फ्लेअर शोभतो.

गंमत म्हणजे नाकपुड्या फुलतात तेव्हा मात्र क्रियापद ए-आर-ईवालं. ए-आय-आरला क्रियापद नाहीच, त्यामुळे शेवटी 'ड' लागून 'फ्लेअर्ड' झालेलं दिसलं की बिनधास्त आगवाला धरा.

खरी ठेच लागते कपड्यांत, कारण तिथे दोन्ही चालतात. 'फ्लेअर्ड ड्रेस' म्हणजे घेरदार. 'शी ड्रेसेस विथ फ्लेअर' म्हणजे तिच्या नेसण्या-घालण्यात एक ढब आहे, ऐट आहे. मग अंगावर साधी सुती साडी का असेना. या वाक्याचं भाषांतर 'ती घेरदार कपडे घालते' असं केलेलं मी वाचलंय. मागे 'विथ' असेल तर ढब, पुढे 'फॉर' असेल तर उपजत जाण. पुढे 'टू' मात्र नको. 'फ्लेअर टू राइट' मला सहनच होत नाही.

आणि एवढं करूनही स्पेलिंग आठवेना, तर खिशातलं फ्लेअरचं पेन काढा. त्यावर ए-आय-आरच छापलंय.