स्मिथ आणि कार्लोस यांची पदके हिरावली गेली नव्हती

१९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध काळ्या हातमोज्यातील मूठ उंचावणाऱ्या टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकी धावपटूंची पदके काढून घेतली गेली, असे आजही अनेकदा सांगितले जाते. हे खरे नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या दबावामुळे अमेरिकी समितीने त्यांना संघातून निलंबित करून क्रीडाग्रामाबाहेर काढले. २०० मीटर शर्यतीतील सुवर्ण आणि कांस्यपदक मात्र त्यांच्याकडेच राहिले. मायदेशी त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि त्यांनी मोजलेली ही खरी किंमत त्या चुकीच्या तपशिलामागे झाकली जाते, याचे अधिक दुःख वाटते. रौप्यविजेता ऑस्ट्रेलियन पीटर नॉर्मन हाही नुसता बघ्या नव्हता. स्मिथ आणि कार्लोस यांच्यासारखाच मानवी हक्कांच्या मोहिमेचा बिल्ला त्यानेही छातीवर लावला होता.