बुकचोन : सहाशे वर्षांची वस्ती, नव्वद वर्षांची घरं

सोलमधल्या बुकचोनच्या चढणीवर उभं राहून हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन कौलारू घरांचे फोटो काढणाऱ्याला बहुधा वाटतं, की आपण जोसॉन राजवटीतली गल्ली पाहतोय. वस्तीचं वय सहाशे वर्षांचं आहे, यात शंका नाही. फोटोत येणारी बहुतेक घरं मात्र १९३० च्या दशकातली, आणि तीही एका बिल्डरने प्लॉट पाडून विकलेली.

जोसॉन घराण्याने १३९४ मध्ये राजधानी हानयांगला, म्हणजे आजच्या सोलला आणली. १३९५ मध्ये ग्यॉंगबोकगुंग आणि १४०५ मध्ये चांगदॉकगुंग हे राजवाडे उभे राहिले. या दोहोंमधली टेकडीच्या उताराची जमीन दक्षिणमुखी, पाण्याचा निचरा चांगला आणि दरबार हाकेच्या अंतरावर. साहजिकच ती यांगबान सरदार-अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांचे वाडे ऐसपैस होते आणि राजकारणही तिथेच शिजायचं. १८८४ च्या फसलेल्या सत्तापालटातला एक सूत्रधार हाँग यॉंग-शिक इथलाच. तो मारला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या घरात कोरियातलं पहिलं पाश्चात्त्य पद्धतीचं सरकारी रुग्णालय सुरू झालं.

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. जपानी वसाहतवाले आधी चॉंगग्येचॉन ओढ्याच्या दक्षिणेला, नामसान डोंगराच्या पायथ्याशी राहत. १९२६ मध्ये गव्हर्नर-जनरलची कचेरी थेट ग्यॉंगबोकगुंगच्या आवारात आली, तसे ते उत्तरेकडे, म्हणजे बुकचोनच्या बाजूलाही जागा घेऊ लागले. शहरात खेड्यांतून माणसांचा लोंढा येत होता, घरांची टंचाई होती आणि बड्या घराण्यांना आपले वाडे पेलवत नव्हते. जमीन विकायला निघाली. ती कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न होता.

इथे जॉंग से-ग्वॉन हा माणूस येतो. १९२० मध्ये त्याने गॉनयांगसा ही बांधकाम कंपनी काढली. मोठ्या जमिनी विकत घ्यायच्या, त्यांचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येकावर आटोपशीर हानोक बांधून कोरियन कुटुंबांना विकायचं, अगदी हप्त्यानेसुद्धा, असा त्याचा धंदा. बुकचोनच्या गाहवे-दोंग भागातली आज सगळ्यात गर्दी खेचणारी गल्ली त्याच्याच कंपनीची. मधल्या अंगणाभोवती खोल्या, खालून ऊब देणारी ओंदोल जमीन आणि लाकडी ओसरी हा जुना साचा त्याने ठेवला. पण काचेची दारं, पत्र्याच्या पन्हळी आणि विटांच्या भिंती बिनदिक्कत वापरल्या. जुन्या वळणाच्या लोकांना ही घरं खुजी वाटली असतील तर नवल नाही. पण जपानी पद्धतीची घरं सोपी पडत असताना त्याने हानोकच बांधले, म्हणून ही वस्ती कोरियन राहिली, असं मला वाटतं. पैसा त्याने स्वदेशी मालाच्या चळवळीत घातला आणि १९३५ मध्ये कोरियन भाषा संस्थेला इमारत दिली. १९४२ मध्ये जपान्यांनी या संस्थेवर धाड घातली, तेव्हा तोही पकडला गेला.

स्वातंत्र्यानंतरचा काळ थोडक्यात आटोपतो. १९७० च्या दशकात हान नदीपलीकडे गांगनाम हा शहराचा नवा भाग उभा राहू लागला, नामांकित शाळा तिकडे हलल्या आणि त्यांच्यामागे पालकही. १९८३ मध्ये बुकचोनमधल्या बांधकामावर कडक निर्बंध आले. घरमालकांना साधी डागडुजीही डोकेदुखी झाली. त्यांच्या ओरडीनंतर १९९१ पासून नियम सैल होत गेले आणि अनेक हानोक पाडून तिथे बहुमजली भाड्याची घरं चढली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १५०० हानोक होते. २००० पर्यंत ते हजाराच्याही खाली आले.

२००१ मध्ये सोल महापालिकेने धोरण बदललं. घर हानोक म्हणून पालिकेकडे नोंदवायचं की नाही हे मालकावर सोडलं. नोंदवलं तर दुरुस्तीला अनुदान आणि कर्ज. काही घरं पालिकेने स्वतःच विकत घेतली. सक्तीने जे जमलं नव्हतं, ते पैशाने जमलं. २००९ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कारही मिळाला.

मग पर्यटक इतके वाढले, की राहणाऱ्यांना दार उघडं ठेवणं मुश्कील झालं. मार्च २०२५ पासून सगळ्यात गजबजलेल्या भागात संध्याकाळी पाच ते सकाळी दहा या वेळेत फिरताना सापडलेल्या पर्यटकाला १,००,००० वॉन दंड होतो. रहिवासी, त्यांचे पाहुणे आणि तिथल्या हानोकमध्ये मुक्कामाला असलेले प्रवासी यांना त्यातून सूट आहे.