किनाऱ्यावर दगड टाकण्याआधी आम्हाला कळवा

पावसाळा संपला की अलिबाग-मुरुडपासून गुहागरपर्यंतच्या जागामालकांचे फोन आमच्या पुण्याच्या ऑफिसात सुरू होतात; किनाऱ्याची मोजणी आणि धूप थांबवायचं डिझाइन हे आमचं काम. "पुळण (वाळूचा किनारा) गेली, सुरूची झाडं आडवी झाली, दगड टाकून घेतलेत, आता येऊन डिझाइन द्या." मोजणीआधी दगड पडले की तुमचा एक हंगाम गेलाच म्हणून समजा.

जून ते सप्टेंबरच्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात, पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर नेतात. ऑक्टोबरनंतर समुद्र निवळला की त्यातली बरीचशी हळूहळू परत येते. किती आली आणि किती कायमची गेली, हे एका मोजणीत कळत नाही. म्हणून आम्ही मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, अशी दोनदा मोजणी करतो आणि तिचे पैसे वेगळे लावतो. मोजणी किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणाऱ्या ठरावीक रेषांवर होते, आणि प्रत्येक रेषा कुंपणालगतच्या पक्क्या खुणेपासून निघते. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) ओहोटीला आमचा माणूस स्टाफ (उंची मोजायची खुणांची काठी) घेऊन कमरेइतक्या पाण्यात जातो, भरतीला होडी तीच रेषा खोली मोजत बाहेरून किनाऱ्याकडे मारते. दोन्ही मोजण्या मधल्या पट्ट्यात जुळल्या तरच आम्ही त्या धरतो. दगडांखाली खूण गाडली गेली, उतार बदलला, की मे महिन्याचे आकडे कशाशी ताडणार?

शिवाय दगडांवर आपटलेली लाट पायथ्याची वाळू उकरते. ढीग खचतो आणि त्याच्या टोकाला शेजाऱ्याची जमीन कापली जाते. जांभा तर अशा माऱ्यात टिकतच नाही. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) परवानगीशिवाय टाकलेले दगड काढायची नोटीस आली, तर तो खर्च आणखी वेगळा.

खाडीच्या मुखातली वाळू काढून पुळणीवर टाकू का, असंही बरेच जण विचारतात. जरूर टाका, पण आधी ती चाळून कण किती जाड आहेत ते पाहू. किनाऱ्यावरच्या वाळूइतकी किंवा थोडी जाड असेल तरच ती राहते, बारीक गाळ पहिल्याच पावसाळ्यात जातो. मुखाशी बांध घातला तर किनाऱ्यालगत वाहणारी वाळू एका बाजूला अडते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा खंगतो. पुद्दुचेरीत 1980 च्या दशकातल्या बंदराच्या बांधांनी उत्तरेकडची पुळण अशीच गेली. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखावर 1960 च्या दशकात बांध वाढवले, आणि अडलेली वाळू 2001 पासून पंपाने पलीकडे टाकावी लागते आहे. म्हणून आमच्या अंदाजपत्रकात देखभालीची वाळू आणि दरवर्षीची मोजणी पहिल्यापासून धरलेली असते. दुसऱ्याचं अंदाजपत्रक स्वस्त दिसलं तर त्यात या दोन ओळी आहेत का, तेवढं पाहा.

"पुण्यात बसून समुद्राचं काय कळणार?" असंही ऐकावं लागतं. देशातल्या अनेक बंदरांसाठी लाटांच्या मॉडेल-चाचण्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत होतात, आणि ती संस्था 1916 पासूनची आहे. तुमच्या कामाला अशी चाचणी लागलीच, तर आमचे आकडे त्यासाठी तयार असतात.

येत्या मे महिन्यातल्या मोजणीसाठी मार्चअखेर कळवा. उधाणाच्या तिथी पाहून होडी ठरवावी लागते. तोवर एकाच जागेवरून, ओहोटीच्या वेळी, दर महिन्याला एक फोटो काढून तारीख-वेळेसह पाठवत राहा.