डोलकाठीत अडकलेली वायर

शिडाच्या नौकेच्या डोलकाठीच्या टोकावर नांगरदिवा, व्हीएचएफ रेडिओचा अँटेना आणि वारा मोजणारे यंत्र असते, आणि या सगळ्यांच्या वायरी पोकळ काठीच्या आतून खाली उतरतात. गोव्यात बांधलेल्या भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ची काठी 25 मीटर उंच आहे, त्यावरून या वायरींच्या लांबीची कल्पना येईल. शिडे चढवण्याच्या दोऱ्याही बहुधा याच पोकळीतून धावतात, म्हणून त्यांच्या घासण्याने वायरी सोलवटू नयेत यासाठी ॲल्युमिनियमच्या अनेक काठ्यांत आतल्या बाजूने पीव्हीसीचा पाइप बसवलेला असतो. वायर बदलायची वेळ आली की जुनीच्या टोकाला नवी बांधून दुसरीकडून ओढावी, असे कोणालाही वाटते. पुष्कळदा ती वीतभर सरकते आणि घट्ट बसते.

आत काहीतरी आडवे आले असणार, हा पहिला तर्क. रिव्हेटचे टोक पाइपात घुसल्याने खरोखरच तसे झालेले असू शकते. पण बहुतेक वेळा खरे कारण घर्षणाचा गुणाकार हे असते. 18 व्या शतकात गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी वक्र पृष्ठभागावरून जाणाऱ्या दोरीचे जे गणित मांडले, त्यानुसार दोरी जितक्या कोनातून वळते तितकी तिला ओढण्याची ताकद बेरजेने नव्हे तर पटीने वाढते. घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती अडतात ते सांगणारा आकडा, 0.4 धरला तर एका काटकोनी वळणानंतर सुमारे 1.9 पट, दोन वळणांनंतर 3.5 पट आणि चार वळणांनंतर 12 पट जोर लागतो. विंचवर, म्हणजे दोरी ओढण्याच्या फिरत्या पिंपावर, दोरीचे तीन-चार वेढे घेऊन खलाशी फुगलेले शीड एका हाताने धरून ठेवतो, ते याच नियमाच्या बळावर. पाइपातल्या वायरीच्या बाबतीत मात्र तोच नियम आपल्यावर उलटतो.

काठी सरळ असताना वळणे येतात कुठून, हा प्रश्न रास्त आहे. एक वळण पायथ्याशी, वायर बाहेर पडते तिथे असते आणि दुसरे टोकाशी. उरलेली वळणे वायरी स्वतःच तयार करतात. वेगवेगळ्या वेळी घातलेल्या वायरी एकमेकींभोवती पिळतात आणि कुठे कुठे आखूड वेढा घालतात, त्यामुळे एकटी वायर ओढली की ती शेजारणींना आवळते. जोर वाढवला की आवळणेही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय उन्हाने तापलेल्या काठीत वायरीच्या आवरणातला मऊपणा आणणारा घटक पृष्ठभागावर येतो आणि आवरणे चिकट होतात, म्हणजे घर्षणांकही वाढतो.

जोर लावण्याला तांब्याचीही मर्यादा आहे. ओढताना तांब्याच्या दर चौरस मिलिमीटरवर सुमारे 70 न्यूटनपेक्षा अधिक ताण देऊ नये, असा संकेत आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीसाठी हा ताण जेमतेम 10 किलो वजनाइतका होतो, आणि धडधाकट माणूस तो सहज ओलांडतो. खाऱ्या दमटपणाने आतले तंतू काळे पडले असतील तर वायर त्याआधीच तुटते, आणि मग पाइपातून आरपार गेलेला एकमेव धागाही हातचा जातो.

म्हणून उपाय ऑयलर यांच्या समीकरणातच शोधावा. घर्षणांक 0.4 वरून 0.2 वर आणला तर चार वळणांचे 12 पट थेट 3.5 पटीवर येते. त्यासाठी पाण्यावर आधारित केबल-जेल वा शंखजिऱ्याची पूड वापरावी. ग्रीस काही आवरणांना फुगवते, तर भांड्यांचा साबण वाळला की चिकटून बसतो. दुसऱ्या टोकाला एका माणसाने वायर हाताने आत सोडत राहावे, कारण मागचा थोडासा ताणही वळणागणिक गुणला जातो. नुसते ढकलून मात्र भागत नाही, कारण ढकललेली वायर पाइपात नागमोडी होते आणि भिंतींवर अधिकच दाबली जाते.

सगळ्या वायरी बदलायच्या असतील तर काठी उतरवून आडवी ठेवावी आणि पूर्ण जुडगा एकदम ओढावा, म्हणजे त्या एकमेकींवर घासत नाहीत. जोड हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. नव्या वायरींची टोके एकाच जागी न बांधता हातभर अंतरात मागेपुढे ठेवावीत, प्रत्येकीचे आवरण थोडे सोलून तंतू ओढण्याच्या दोरीत ओवावेत आणि त्यावर टेप ओढण्याच्या दिशेने निमुळता गुंडाळावा. पुढच्या वेळी ओढायला उपयोगी पडेल म्हणून वायरींसोबत पॉलिएस्टरची एक जादा दोरी आत घालून ठेवावी आणि नव्या वायरींचे वजन टोकाच्या जोडणीवर न पडता तिथल्या पट्टीवर पेलले जाईल, अशा बेताने त्या वर बांधाव्यात.