'कु' म्हटलं की 'कुलूप' आठवतं: शब्द न सापडण्याच्या निदानातला एक जुना वाद

वाचाघात (अफेजिया, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं) झालेल्या माणसाला कुलपाचं चित्र दाखवलं आणि तो नुसताच 'ते हे... ते हे...' करत राहिला, तर तपासणारा 'कु' एवढंच म्हणतो. पुष्कळदा लगेच 'कुलूप' येतं. हे उत्तर बरोबर धरायचं की नाही? गेल्या पन्नासएक वर्षांत या निदानाची जी घडण झाली, तिच्यात या प्रश्नाचा वाटा दिसतो त्याहून मोठा आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. 1861 मध्ये पॅरिसला 'टॅन' एवढंच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतली इजा दाखवली गेली. 1874 मध्ये ओघवत्या पण अर्थहीन बोलण्याचा दुसरा प्रकार मांडला गेला. सगळा भर मेंदूतली जागा शोधण्यावर होता. रुग्णाला शब्द सापडत नाही हे दिसत होतं, पण तपासणी बहुतेक खाटेशेजारी, हाताशी असलेल्या वस्तू दाखवूनच व्हायची.

खरी हालचाल 1970 च्या दशकातली. बोस्टनमध्ये 1976 साली एक साधा पण फार उपयोगी प्रयोग झाला. चित्राचं नाव येत नसेल तर निदान त्याचं पहिलं अक्षर कोणतं, शब्द लांब की आखूड, हे सांगता येतं का, असं रुग्णांना विचारलं गेलं. ज्यांना ऐकलेलं वाक्य परत म्हणता येत नाही, त्या गटाला हे बऱ्यापैकी सांगता आलं. इतर गट, विशेषतः ज्यांची मुख्य तक्रारच शब्द न आठवण्याची होती ते, यात बरेच मागे पडले. बाहेरून गप्प बसणं सारखंच दिसतं, पण अडथळा एकाच ठिकाणी नसतो, हे त्यातून कळलं.

यानंतर आलेल्या दोन चाचण्यांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली. 1982 च्या वेस्टर्न अफेजिया बॅटरीत वीस खऱ्याखुऱ्या वस्तू दाखवतात आणि प्रत्येकीला 3 गुण असतात. वस्तू हातात द्यावी लागली किंवा पहिला ध्वनी सांगावा लागला, तर 1 गुण. 1983 च्या बोस्टन नेमिंग टेस्टमध्ये पलंगापासून मणिचौकटीपर्यंत (अॅबॅकस) 60 रेखाचित्रं आहेत, आणि उत्तरासाठी वीस सेकंद. चित्र ओळखण्यातच गफलत झाली तर अर्थाचा इशारा देतात, आणि त्यानंतरचं बरोबर उत्तर एकूण गुणांत जमा होतं. पहिल्या ध्वनीनंतर आलेलं उत्तर मात्र वेगळ्या रकान्यात लिहायचं, बेरजेत धरायचं नाही. म्हणजे तोच रुग्ण, तोच शब्द, तोच इशारा, आणि एका चाचणीत तिसरा हिस्सा तर दुसरीत शून्य.

बोस्टनची बाजू तर्काला धरून आहे: आवाजाची मदत लागली म्हणजे शब्द आपणहून आला नाही. पण तो वेगळा रकाना सहसा रिपोर्टपर्यंत पोचतच नाही. तिथे 60 पैकी अमुक, एवढंच उरतं, आणि निदानाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची नोंद फाइलमध्ये पडून राहते. माझ्या मते दोष गुणपद्धतीचा कमी आणि ती वापरण्याचा जास्त.

वादाला सिद्धांताचंही खतपाणी होतं. 1979 पासून 'शब्दांचा साठा गेला' आणि 'साठ्यापर्यंतची वाट अडली' असा भेद केला जाऊ लागला. इशाऱ्याने शब्द आला की वाट अडलेली, प्रत्येक वेळी तोच शब्द चुकला की साठा गेलेला, असं ढोबळ गणित होतं. 1993 मध्ये त्यावर कडक आक्षेप आले. मधल्या काळात, 1983 आणि 1985 च्या प्रयोगांत, पहिल्या ध्वनीचा फायदा अर्ध्या तासात ओसरतो आणि अर्थावर काम केलं तर तो जास्त टिकतो, असं दिसलं. मग 'ध्वनीचा इशारा म्हणजे तात्पुरता टेकू' हे मत पक्कं होऊन बसलं. पुढे तोच इशारा पुन्हा पुन्हा देऊन केलेल्या उपचारांत टिकाऊ सुधारणा दिसली, तरी जुनं मत सहजी गेलं नाही.

1996 मध्ये 175 चित्रांची फिलाडेल्फियाची चाचणी आली. तिने इशारे वगळले आणि सगळं लक्ष चुकांवर दिलं. सुरीला 'कात्री' म्हणणारा आणि 'रुसी' म्हणणारा, दोघांनाही शून्यच गुण, पण एकाची चूक अर्थाची, दुसऱ्याची ध्वनींची, म्हणून निदान वेगळं. संगणकावर पुढचं चित्र रुग्णाच्या उत्तरानुसार निवडणारी हल्लीची आवृत्ती याच चाचणीची.

मराठीत हे सगळं उतरवताना आधी चित्रं अडतात. प्रेट्झेल, बीव्हर, इग्लू इथल्या आजींना का यावेत? (बोस्टनच्या संचात गळफासही आहे, झुंडहत्यांचा इतिहास आणि आत्महत्येचा संदर्भ यांमुळे तो काढावा का, यावर अमेरिकेतच अलीकडे बरीच चर्चा झाली.) मग अडतात नावं. काही घरांत फणी आणि कंगवा या दोन वेगळ्या वस्तू असतात, काही घरांत एकच. केरसुणी, झाडू, कुंचा, खराटा यांचंही तेच. घरात फणी म्हणणाऱ्याला 'कं' असा इशारा दिला तर तो इशारा उरतच नाही, उलट अडथळा होतो. शिवाय आपण व्यंजन सुटं सांगत नाही, स्वरासकट अक्षर सांगतो. 'चावी'साठी 'चा' म्हटलं की अर्धा शब्द हाती दिला, 'हेलिकॉप्टर'साठी 'हे' म्हटलं तर जेमतेम सुरुवात. दोन्ही इशारे एकाच मापाचे धरले तर रकान्यातले आकडे फसवतात.

राहिला प्रश्न कुलपाला 'लॉक' म्हणणाऱ्याचा. नोकरीभर हिंदी-इंग्रजी बोललेल्या मुंबईकराचं 'लॉक' चूक ठरवायचं कारण नाही, पण मान्य उत्तरांची यादी चाचणी सुरू होण्याआधी, घरच्यांना विचारून करायला हवी. चाचणी संपल्यावर गुण वाढवण्यासाठी केलेली यादी उपयोगाची नाही.