वछेऱ्यावर बिनखोगीर बसायचंय? आधी हे वाचून घ्या

नमस्कार मंडळी. हे पत्रक काऊन काढलं तर दर रविवारी तोच प्रश्न. "भाऊ, तो नवा वछेरा आहे ना, त्याच्यावर खोगीर न टाकता बसू द्या ना, नुसता एक राउंड." रीलमध्ये पाहिलेलं असते, समुद्राचा किनारा, मोकळे केस, उधळलेला घोडा. नागपुरात समुद्र नाही आणि आपल्या रिंगणात काळ्या मातीवर टाकलेली रेती आहे, पण हौस तीच. हौसेला माझी ना नाही, माझा धंदाच हौसेवर चालते. पण प्रत्येकाला वेगळं समजावत बसलो की सकाळची बॅच अर्धी त्यातच जाते, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिले वयाचं. आपले दोन वछेरे, म्हणजे तरणे घोडे, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातले, दत्तजयंतीला तापीकाठी भरतो तो. तिथं विकणारा छातीठोक सांगतो चार वर्षांचा आहे, आणि तोंड उघडून पाहिलं तर पुढचे मधले दोनच पक्के दात आलेले, म्हणजे अडीच-तीन. त्याच्या बाजूचे साडेतीनला येतात, कोपऱ्यातले साडेचारला, पाचला तोंड भरते. आता तीन वर्षांचा घोडा उंचीला पूर्ण दिसतो, म्हणून लोक म्हणतात एवढा मोठा झाला, काय होते. पण पायाची हाडं आधी पक्की होतात आणि पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, त्याला पाच-साडेपाच वर्षं लागतात. आणि बिनखोगीर बसलं की भार नेमका तिथंच. खोगीर तुमचं वजन मणक्याच्या दोन्ही बाजूच्या मांसावर पसरवते, ते काढलं की तुमच्या बुडाची दोन हाडं दोन ठिकाणी रुततात. म्हणून आपल्याकडे वछेऱ्यावर ४५ किलोच्या वरचं कोणी बसत नाही, बसलं तरी दहा मिनिटं, आणि फक्त चालीवर. वछेरा ३२० किलोचा आहे, त्याचे पंधरा टक्के काढून पाहा, ४८ येतात. मी तीन किलो हातचे ठेवतो कारण वजन विचारलं की सगळेच थोडं कमी सांगतात.

आता मुद्द्याचं. घोडं पेंड खाते ते इथं.

खोगीर नाही, रिकीब नाही, पाय टेकायला काही नाही. घोडा एक पाऊल टाकतो, तुम्ही जरा डगमगता, आणि आपसूक पोटऱ्या आवळता, टाचा पोटाला लावता. तुम्हाला वाटते आपण पकडून बसलो. घोड्याला कळते "चल पुढं". तो वेग घेतो, तुम्ही अजून डगमगता, अजून आवळता, तो अजून पळतो. म्हणजे तुम्ही एकीकडे लगाम ओढून थांब म्हणता आणि टाचेनं पळ म्हणता, त्यानं ऐकायचं कोणाचं? घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी तो थरथरवतो हे तुम्ही पाहिलं असेल. एवढं बारीक ज्याला कळते त्याला तुमच्या दोन टाचा म्हणजे ढोल वाजवल्यासारखं आहे. जुना घोडा समजून घेतो, की हा नवखा आहे, याचं काही खरं नाही. वछेरा नाही समजून घेत, त्याला तेवढंच येते जेवढं शिकवलं.

मागच्या थंडीत एका ओळखीच्या गिऱ्हाइकाचा पोट्टा मी फोनवर होतो तेवढ्यात आपल्या बादल नावाच्या वछेऱ्यावर चढला. दहा-बारा पावलं नीट गेला, मग आवळलं. बादल दुडकीवर आला, मग कुंपणाकडं सुटला, पोट्टा रेतीत. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून नुसतं कोपर सोललं. चूक माझीपण आहे, फोन घ्यायला नको होता. पण पोट्टा दोन दिवसांत बरा झाला आणि बादलला पुन्हा कोणी पाठीला हात लावला की पोट आक्रसायचा, कान मागं, डोळ्याचं पांढरं दिसायचं. ते जायला मला पाच आठवडे लागले. रोजचा अर्धा-पाऊण तास, कोणाच्या फीमध्ये न बसणारा.

म्हणून नियम असा, की आधी मैनेवर बसायचं. मैना १६ वर्षांची घोडी आहे, तिला काही विशेष वाटत नाही, वरातीत बँडच्या शेजारी उभं राहून झालेलं आहे तिचं. तिच्यावर बिनखोगीर मांड जमवायची. मांड म्हणजे पायाची पकड नाही, मांड म्हणजे बूड घोड्यासोबत हलणं. पाय ओल्या टॉवेलसारखे सैल लोंबू द्यायचे, नजर घोड्याच्या कानांमधून पुढं, श्वास रोखायचा नाही. तोल गेला तर गळ्यातला पट्टा धरा, त्यासाठीच बांधला आहे. तरी घसरलातच तर आवळून लटकू नका, उतरून जा. उतरायचं पण शिकवतो, पहिल्याच दिवशी. तिच्यावर वीस मिनिटं चालीवर आणि थोडं दुडकीवर पाय न आवळता झालं, की मग वछेऱ्याकडं.

काही जण म्हणतात, "भाऊ तुम्ही तर तीन-तीन आठवडे नुसता दोर धरून फिरवायला लावता, अन् पैसे बसायचे घेता." घेतो. कारण बसणं तिथंच सुरू होते. वछेऱ्याला नाकासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याकडून जायचं, बोलत जायचं. दोर धरून थांबलात की तो थांबतो का, तुम्ही वळलात की वळतो का, हे जमिनीवर होत नसेल तर वर बसून काय होणार. आणि दोन्ही बाजूंनी करायचं, डावीकडून माहीत असलेली गोष्ट उजवीकडून त्याला नवीच वाटते. मग खरारा. मग जिथं आयाळ संपते तिथं बोटांनी खाजवायचं, घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात, त्यानं त्याचे ठोके उतरतात. मान खाली आली, खालचा ओठ सैल पडला की समजा जमलं. शाबासकी म्हणून मानेवर धपाधप थापट्या मारू नका, ते आपल्याला बरं वाटते, त्याला नाही. आणि कृपा करून खिशातून बिस्किटं, गूळ हातानं चारू नका. दोन खेपेत तो खिसा हुंगायला लागतो, चौथ्या खेपेला चावतो, मग तुम्हीच येऊन सांगता घोडा चावरा आहे. गाजर आणलं तर बादलीत टाका.

त्यानंतर ओट्यावर उभं राहून पाठीवर नुसतं पोटावर आडवं व्हायचं आणि उतरायचं. दोन-तीन दिवस एवढंच. मग बसायचं आणि उतरायचं. मग मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा आपला माणूस, दोर धरून दहा पावलं. जमिनीवरून उडी मारून चढायचं नाही, आयाळ ओढली जाते आणि सगळा भार एका बाजूनं पाठीला पीळ देतो.

भोसल्यांच्या गावात प्रत्येकाला वाटते घोडेस्वारी आपल्या रक्तातच आहे. असेल बाप्पा. पण शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि बारगिराला सरकारी मिळायचा. इथं तुम्ही सगळे बारगीर, घोडा माझा, तर नियमपण माझेच चालतील. ज्यांचा स्वतःचा वछेरा आहे त्यांनी तो आणला तरी चालते, दोन जण असे येऊन राहिले आहेत. त्यांच्या घोड्याचं जमिनीवरचं काम मी महिन्याच्या बोलीवर करतो, मालकाला सोबत उभं करून, कारण माझं ऐकणारा घोडा घरी नेऊन तुमचं ऐकेलच असं नाही.

मैनेवरची बिनखोगीर बॅच शनिवार-रविवार सकाळी, एका वेळी तिघंच. पहिली खेप फुकट, बसून पाहा, मग ठरवा. एप्रिल ते जून फक्त ६ ते ८, त्यानंतर नागपूरचं ऊन ना घोड्याला झेपते ना तुम्हाला, आणि घामेजलेल्या पाठीवरून माणूस साबणासारखा घसरतो. हाफ पॅंट नको, मांड्या सोलतात. चमकणारी ट्रॅक पॅंटपण नको. अंगाबरोबरची सुती पॅंट, टाच असलेले बूट, हेल्मेट नसेल तर आमच्याकडं आहे, त्याचे वेगळे पैसे नाही. वजनाचा काटा गेटजवळच ठेवला आहे.